जुनी उपजेल गावाबाहेर जाणार: नव्या जेलचं टेंडर कोण काढतं, आणि जुन्या इमारतीचं काय करता येतं?

दौलतगंजकर

नमस्कार मंडळी. राहतो ग्वाल्हेरला, पण आमचं मूळ घर जवळच्या एका तहसिलीच्या गावी आहे. तिथे बाजाराच्या अगदी मधोमध शिंद्यांच्या काळातली उपजेल आहे. चुन्यातलं दगडी बांधकाम, वर दगडी पाट्यांचं छत, आत एक विहीर. ही जेल आता बायपासकडे न्यायचं घाटतंय. साहेब लोक जागा पाहून गेले म्हणतात.

गावात यावरून रोज बोलणी चालली आहेत. काही पार्षद, म्हणजे नगरसेवक, सांगतात की नवी जेल नगरपालिकाच टेंडर काढून बांधेल, जुनी पाडून तिथे दुकानांचे गाळे काढेल आणि त्यातूनच सगळा खर्च निघेल. आम्हा काही जणांना मात्र त्या इमारतीत वाचनालय आणि अभ्यासिका हवी आहे. स्पर्धा परीक्षांसाठी आमची मुलं ग्वाल्हेरला खोल्या घेऊन राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांना क्लास नको असतो, शांत बसायला टेबल-खुर्ची आणि डोक्यावर पंखा हवा असतो.

नगरपालिकेला खरंच जेल बांधायचं टेंडर काढता येतं का? नसेल तर कोण काढतं, आणि त्या ठेक्यात आम्ही बाहेरच्या लोकांनी काय बघावं? जुनी इमारत वाचवायची तर अर्ज कुणाकडे आणि कधी करायचा? सरकारी बांधकामातून निवृत्त झालेले काका इथे आहेत, म्हणून इथेच विचारतोय.


थाटीपूरचे काका

नगरपालिकेला जेल बांधता येत नाही. तुरुंग हा राज्याचा विषय आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली चौथी नोंद. १८९४ च्या कारागृह कायद्याच्या चौथ्या कलमानं बंद्यांसाठी जागा पुरवणं ही राज्य सरकारची जबाबदारी ठरवली होती. मध्य प्रदेशानं २०२४ मध्ये सुधारात्मक सेवा आणि बंदीगृहांचा स्वतःचा नवा कायदा मंजूर केला, त्यातही जबाबदारी राज्याचीच. तेव्हा पार्षद मंडळी सांगतात तसं पालिकेचं टेंडर निघणार नाही.

प्रस्ताव जेल विभागाकडून जातो. त्याला प्रशासकीय स्वीकृती मिळते, म्हणजे इतक्या रकमेचं हे काम करायचं हे सरकार मान्य करतं. मग काम लोकनिर्माण विभागाकडे किंवा पोलीस हाउसिंग कॉर्पोरेशनकडे सोपवलं जातं. ते एसओआर, म्हणजे सरकारी दरसूची, लावून तपशीलवार एस्टिमेट करतात, त्यावर तांत्रिक स्वीकृती होते आणि त्यानंतर राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर निविदा लागते. जमीन देतो कलेक्टर, बहुतेक वेळा नजूलची किंवा इतर सरकारी. पालिकेकडे उरतं पाणी, गटार, रस्ता आणि कचरा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण माझ्या नोकरीत मी पाहिलेल्या जेलच्या कामांचं बरं-वाईट याच चार गोष्टींवर ठरलं.

तुम्ही निविदेची वाट बघत बसू नका. निविदा लागते तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. तुमचं लक्ष हवं प्रशासकीय स्वीकृती आणि तांत्रिक स्वीकृती यांच्या मधल्या काळावर.

आधी जमीन मोजा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत चार भिंतींच्या आतलं क्षेत्र बंद्यामागे ८३.६१ चौरस मीटरपेक्षा कमी नसावं असं लिहिलंय. जमीन दुर्मिळ असेल तिथे ६२.७० पर्यंत खाली येता येतं. शंभर बंद्यांची उपजेल धरली तर आतच दोन एकरांहून थोडी जास्त जागा लागते. कर्मचाऱ्यांचे क्वार्टर, मुलाकातीला म्हणजे बंद्यांना भेटायला येणाऱ्यांची जागा आणि पोहोच रस्ता हे सगळं त्याबाहेर. साहेबांनी पाहिलेला तुकडा यात बसतो का, हे कागदावर मांडून बघा.

आता आतला हिशेब. बराकीत बंद्यामागे ३.७१ चौरस मीटर जमीन, १५.८३ घनमीटर हवा आणि १.१२ चौरस मीटर खिडकी-झरोक्याचं तोंड. रात्री वापरायचे शौचालय दहा जणांत एक, दिवसा वापरायचे सहा जणांत एक. एस्टिमेटमध्ये हे आकडे बहुतेक बरोबर असतात. चूक असते ती गुणायच्या संख्येत. एस्टिमेट होतं मंजूर क्षमतेवर आणि आपल्या राज्यातल्या जेलांत वर्षानुवर्षं क्षमतेच्या दीडपटीहून जास्त माणसं राहत आली आहेत. शंभरांसाठी बांधलेल्या सेप्टिक टँकवर दीडशेच्या वर माणसं आली की पहिल्याच उन्हाळ्यात घाण अंगणात येते. पाण्याचंही तसंच. गटारव्यवस्थेच्या गावात आपण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतो. एकशे साठ माणसांना त्या मानानं २१,६०० लिटर रोज हवेत. बोअरवेल तेवढं देतं का, आणि मे महिन्यात देतं का, ही चाचणी एस्टिमेटच्या आधी झाली पाहिजे. भिंती सावकाश वाढवता येतात, पण पाणी आणि मैला यांची सोय सुरुवातीलाच वाढीव संख्येवर करायला हवी. तेवढा एक मुद्दा तुम्ही पदरात पाडून घेतलात तरी आतल्या माणसांवर मोठे उपकार होतील.

आता ठेक्याबद्दल, कारण हे मला फार वर्षं छळत आलंय. एका गावच्या जेलचं काम मी जवळून पाहिलं. इमारत वेळेत उभी राहिली, काँक्रीट चांगलं होतं. पण बाहेरची वीजजोडणी, पाणीपुरवठा आणि प्रहरींचे, म्हणजे जेलच्या पहारेकऱ्यांचे, क्वार्टर वेगळ्या बजेट-शीर्षाखाली, वेगळ्या टेंडरमध्ये टाकलेले होते आणि त्यांचा निधी आलाच नाही. ठेकेदाराला पूर्णत्वाचा दाखला मिळाला, अंतिम बिल निघालं. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ज्या अवधीत गळती किंवा भेग निघाली तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची असते, तो त्या दाखल्याच्या तारखेपासून मोजला जाऊ लागला. इमारत कुलूपबंद होती. बंदी आत आले तेव्हा तो काळ सरून गेला होता. पहिल्या पावसात दोन बराकींची छतं गळली, फ्लशच्या टाक्या चालल्या नाहीत आणि जबाबदार कुणीच नव्हतं. त्या काळात जुन्या जेलमध्ये माणसं पाळीपाळीनं झोपत होती. त्यांच्यातले बहुतेक जण कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. देशाचंच चित्र तसं आहे. २०२२ च्या सरकारी आकड्यांत बंद्यांपैकी ७५.८ टक्के न्यायाधीन होते.

म्हणून मागणी अशी करा: इमारत, वीज, पाणी, मैला आणि क्वार्टर एकाच पॅकेजमध्ये. आणि दोषदायित्वाचा काळ जेल विभागानं इमारत प्रत्यक्ष ताब्यात घेतल्याच्या तारखेपासून. ठेकेदार कुरकुरतील, कारण त्यांची सुरक्षा ठेव तेवढा काळ अडकून राहते. सरकारनं ताबा घ्यायला उशीर केला तर त्याचा भुर्दंड ठेकेदारानं का सोसावा, हा त्यांचा मुद्दा खराही आहे. तेव्हा बाहेरची कमाल मुदत घाला. पण अट असू द्या.

दराचंही बघा. आपल्याकडे टक्केवारीचं टेंडर भरतात, एसओआरपेक्षा इतके टक्के कमी. ठरावीक मर्यादेपेक्षा खाली गेलं तर जादा सुरक्षा ठेव मागतात. फार खालचा दर आला की गावात आनंद होतो, सरकारचे पैसे वाचले म्हणून. मला तेव्हा काळजी वाटायची, कारण ती तूट शेवटी प्लंबिंगमधून आणि वॉटरप्रूफिंगमधून भरून काढली जाते. भिंत सगळ्यांना दिसते, पाइप कुणाला दिसत नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. माहितीच्या अधिकारात जेलचा नकाशा मागू नका. तो मिळणार नाही आणि मिळूही नये. स्वीकृतीचे आदेश, करारनामा, मुदतवाढीचे आदेश आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. तेवढ्यात सगळं कळतं.

आता जुनी इमारत. इथे घाई करावी लागेल. आपल्या राज्यात पुनर्घनत्वीकरणाचं धोरण आहे. शहराच्या मधली जुनी सरकारी जमीन विकासकाला द्यायची आणि तिच्या मोबदल्यात त्यानं दुसरीकडे सरकारी इमारती बांधून द्यायच्या. ग्वाल्हेरात आमच्या थाटीपूरला जुन्या सरकारी क्वार्टर्सच्या जागी हेच धोरण लागलं. सरकारला तिजोरीतून पैसा न काढता नवी इमारत मिळते, म्हणून हे सगळ्यांना आवडतं. पण यात किंमत असते जमिनीची. वरची इमारत ही पाडायची वस्तू ठरते. तुमच्या उपजेलचं नाव एकदा त्या यादीत गेलं की वाचनालयाचा विषय संपला. तुमचे पार्षद गाळ्यांतून खर्च काढायचं म्हणतात, ते बहुधा इथूनच आलं असावं.

देशात दोन्ही प्रकार झालेत. वारंगळची निजामाच्या काळातली मध्यवर्ती जेल २०२१ मध्ये पाडून तिथे रुग्णालय उभारायला घेतलं. पाटण्याच्या बांकीपूर जेलच्या जागी २०१० मध्ये बुद्ध स्मृती उद्यान झालं. बंगळुरूला २००८ मध्ये फ्रीडम पार्क केलं, तिथे बराकी आणि टेहळणीचा मनोरा राखला. कोलकात्याच्या अलीपूर जेलचं २०२२ मध्ये संग्रहालय झालं. आणि आपल्याला तर लांब जायलाच नको. राजा मानसिंह तोमरानं ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर हौसेनं बांधलेला मानमंदिर महाल मुघलांनी कैदखाना केला. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद याच किल्ल्यावर कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच मारला गेला. किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल आज पुरातत्त्व संग्रहालय आहे. महाराज बाड्यावरचं जळालेलं व्हिक्टोरिया मार्केट दुरुस्त होऊन २०२४ मध्ये तिथे भूविज्ञान संग्रहालय उघडलं. दगडी इमारत दोनशे वर्षं काम करते, कोणत्या कामाला लावायची एवढंच आपण ठरवायचं.

अर्ज कलेक्टरकडे, प्रत जेल मुख्यालय भोपाळला आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला. जेल रिकामी झाली तरी सरकार आदेश काढेपर्यंत जागा जेल विभागाचीच असते. तेव्हा मागणी दोन टप्प्यांची: जमीन वाचनालयासाठी पालिकेकडे हस्तांतरित करावी, आणि तोवर इमारत पुनर्घनत्वीकरणातून वगळावी. हस्तांतर झाल्यावर मात्र टेंडर पालिका काढू शकते.

तेव्हा पार्षदांना एवढं नक्की सांगा की जुन्या चुन्याच्या इमारतीचं काम एकरकमी ठेक्यावर देऊ नये. प्लास्टर खरवडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. आयटम-रेट ठेका करा, मोजून पैसे द्या. चुन्याच्या कामांचे बरेच दर एसओआरमध्ये नसतात, त्यांचं दरविश्लेषण आधी मंजूर करून घ्यावं लागतं. तो कंटाळा टाळायला इंजिनिअर सिमेंटचं प्लास्टर लावून मोकळे होतात. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट म्हणजे तापलेल्या माणसाला घोंगडीत गुंडाळणं. ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. उजेडासाठी भिंतीत मोठ्या खिडक्या फोडायचा मोह होईल. ती भिंत वरच्या पाट्यांचं ओझं वाहतेय, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय एक दगड काढू देऊ नका.


मुलाकात

काकांनी बांधकामाचं सांगितलं, मी आतलं सांगते. गेली काही वर्षं मी एका जेलच्या महिला विभागात अक्षरओळख आणि शिवण शिकवायला जाते. लहान जेलमध्ये महिला विभाग म्हणजे पुष्कळदा उरलेली एक खोली असते, पुरुषांच्या बराकीच्या पलीकडे. पाणी पुरुष विभागाच्या टाकीतून येतं, त्यांचं झालं की यांना. पाळीच्या दिवसांत तिथे काय होत असेल ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.

आईबरोबर सहा वर्षांपर्यंतचं मूल जेलमध्ये राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात या मुलांसाठी पाळणाघर, आहार, लस, शाळापूर्व शिक्षण सगळं नेमून दिलंय. पण नकाशावर पाळणाघराची खोली नसेल तर ते कुठे करणार? माझ्या ओळखीची एक छोटी मुलगी गेटची किल्ली वाजली की धावत जाऊन कोपऱ्यात उभी राहायची, कारण मोजणीच्या वेळी सगळे तसेच उभे राहतात. तिला खेळायला दहा पावलांची जागा असती तरी चाललं असतं.

म्हणून दौलतगंजकर, तुमच्या अर्जात हेही घाला: महिला विभागाला स्वतंत्र टाकी, स्वतंत्र अंगण आणि पाळणाघर मूळ टेंडरमध्येच असावं, नंतरच्या टप्प्यात नको. नंतरचा टप्पा येत नाही. आणि मुलाकातीला येणाऱ्यांसाठी बाहेर सावली, पाणी आणि शौचालय. बायपासवर जेल गेली की खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्या आईनं बसमधून कुठे उतरायचं, हेही कुणीतरी विचारलं पाहिजे. आत्ता बाजारातली जेल स्टँडपासून चालत जाण्याइतकी आहे, ते सुख जाणार.


जीवाजीगंज ते टेक्सस

मी मूळचा जीवाजीगंजातला, आता टेक्ससमध्ये. तुमचे पार्षद म्हणतात तसं, म्हणजे गावानंच जेल बांधायची आणि त्यातून कमवायचं, हे इथे खरोखर चालतं. अमेरिकेत स्थानिक जेल काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाची, असते आणि काउंट्या, गावंसुद्धा, कर्जरोखे काढून जेल बांधतात. बरेचदा यासाठी वेगळं मंडळ स्थापन करतात आणि रोख्यांची परतफेड जेलच्या उत्पन्नातून होईल असं दाखवतात. करातून फेडायचं कर्ज असेल तर मतदारांची मंजुरी घ्यावी लागते, ती या वाटेनं टळते. उत्पन्न म्हणजे दुसऱ्या राज्यांनी किंवा केंद्रानं पाठवलेल्या कैद्यांचं दिवसाचं भाडं. चालवायला खाजगी कंपनी.

टेक्ससमधल्या लिटलफील्ड या छोट्या गावानं २००० मध्ये सुमारे १.१ कोटी डॉलर कर्ज काढून अशी जेल बांधली. पुढे आयडाहो राज्यानं आपले कैदी परत नेले, २००९ मध्ये कंपनी निघून गेली, कर्ज गावावर राहिलं. गावानं घरपट्टी वाढवली, पाणी-गटाराचे दर वाढवले, नोकर कमी केले. मोंटानात हार्डिन गावच्या मंडळानं २.७ कोटी डॉलरच्या रोख्यांवर ४६४ खाटांची जेल २००७ मध्ये पुरी केली आणि ती वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. २००९ मध्ये गावानं ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातले कैदी आम्हाला द्या असाही ठराव केला होता.

खाजगी कंपन्यांच्या काही करारांत तर राज्यानं इतके टक्के खाटा भरलेल्या ठेवायची हमी दिलेली असते. ॲरिझोनात काही जेलांसाठी ती १०० टक्के होती. माणसं आत असण्यावर कुणाचा तरी हप्ता अवलंबून असणं ही गोष्ट मला पटत नाही. आपल्याकडे ती वाट कायद्यानंच बंद आहे, याचं मला समाधान वाटतं.

जुन्या इमारतीचं म्हणाल तर बॉस्टनची १८५१ ची चार्ल्स स्ट्रीट जेल २००७ पासून हॉटेल आहे. खर्च निघावा म्हणून महागडं हॉटेल झालं, तिथे साधा माणूस चहा प्यायलाही जात नाही. तुमची अभ्यासिका मला कितीतरी पटींनी चांगली वाटते.


दौलतगंजकर

काका, ताई, दादा, मनापासून आभार. पार्षदांना राज्यसूचीची नोंद दाखवली, आता ते निदान गाळ्यांचं बोलायचे थांबलेत. दोनच शंका आहेत. दोषदायित्वाच्या कलमासारखी गोष्ट आमच्यासारख्या लोकांच्या अर्जानं बदलते का? आणि अभ्यासिका मिळाली तरी ती चालवायची कुणी?


थाटीपूरचे काका

छापील कलम तुमच्या अर्जानं बदलणार नाही. पण प्रत्येक निविदेला विशेष अटी जोडता येतात आणि वापरणाऱ्या विभागानं लेखी मागितलं तर बांधणाऱ्या यंत्रणेला उत्तर द्यावं लागतं. म्हणून तुमचं पत्र जेल अधीक्षकांना जाऊ दे. त्यांना रोज या गळक्या नळांशी झगडावं लागतं, तुम्हाला वाटतं त्याहून ते तुमच्या बाजूचे असतील. ताईंनी सांगितलेलं पाळणाघर आणि वेगळी टाकी त्याच पत्रात पहिल्या क्रमांकावर घाल. आमदारांची शिफारस जोड, तिचा उपयोग प्रशासकीय स्वीकृतीच्या फाइलवर होतो.

अभ्यासिकेचं म्हणशील तर नगरपालिका परिषदेचा ठराव हवा आणि त्यात ग्रंथपालाचा पगार, वीजबिल आणि दरवर्षीची चुन्याची डागडुजी हे तीन खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतील ते लिहिलेलं हवं. ठराव नसताना जागा मागितली तर कलेक्टर कचेरी पहिला प्रश्न हाच विचारेल.

उद्या तहसिलीत जाऊन जुन्या जेलचा खसरा, म्हणजे जमिनीची नोंद, काढ, जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघ. कागद हातात आला की मसुदा इथे टाक, आकडे मी तपासून देतो.